काचेचं ओझं, लोखंडाचा गाडा

काचेच्या बांगड्या वाहून न्यायच्या गाड्याला मी बैलगाडीच्या धावेचं लोखंड वापरलं. घ्या, सांगून टाकलं एकदाचं. इतकी वर्षं ही गोष्ट मी दुसऱ्याच कुणाची तरी म्हणून सांगत आले. "आमच्या ओळखीत एक बाई होती, जरा अर्धवटच," अशी सुरुवात करायची आणि सगळ्यांबरोबर आपणही पोट धरून हसायचं. ती अर्धवट बाई मीच. वय बावीस, अंगात लोहाराच्या घरची रग आणि डोक्यात एकच समजूत, की जे जड ते मजबूत.

माझं माहेर मेढ्याकडचं. वडील लोहार, त्यामुळे माझं लहानपण भाता ओढण्यात गेलं. लग्न होऊन सांगलीला आले तेही लोहाराच्याच घरात. सासरे बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवायचे. ते गेल्यावर ह्यांनी त्याच जागेत सायकलचं दुकान काढलं. पुढे लढाई पेटली आणि हे फिटर म्हणून फौजेत गेले. जाताना दुकानाची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "बापूला देऊ नकोस, तो गुळाच्या आडत्याला जागा देऊन टाकेल. तू आठवड्यातनं एकदा झाडून काढत जा, बास."

मी झाडायला म्हणून दार उघडलं आणि परत लावलंच नाही.

बापू म्हणजे माझे धाकटे दीर. वयानं माझ्याएवढेच, पण चालताना हात मागे बांधून चालायचे, जणू सगळी पेठ त्यांच्याच नावावर आहे. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांचे गुडघे गेले होते. मिरजेला त्यांची सख्खी बहीण होती, आमच्या दारापासून फार तर तीन कोस, पण चार वर्षं दोघींची भेट नव्हती. बापूभावोजी दर सणाला म्हणायचे, "औंदा गाडी बगतो आये." सण यायचे आणि जायचे. आत्याबाई दुकानाच्या मागच्या दारात पाटावर बसून असायच्या, तोंडानं काही बोलायच्या नाहीत, पण कान सगळे माझ्याकडे.

आता धंद्याचं सांगते. लढाईत पेट्रोल मिळेना. मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या, म्हणजे चढावर माणसांनीच त्या ढकलायच्या. बैलजोडी सगळ्यांना परवडायची नाही. सायकल मात्र गावात बऱ्याच जणांकडे होती. लोक यायचे आणि म्हणायचे, "मागं कायतरी जोडून द्या की." तुम्ही आता ज्याला ट्रेलर म्हणता, त्याला आम्ही जोडगाडा म्हणायचो. सायकलचीच दोन जुनी चाकं, मध्ये चौकट, चौकटीतून पुढे आलेला एक दांडा, तो सायकलला अडकवायचा. एवढंच. दिसायला सोपं, म्हणून तर माझ्यासारखीनं हात घातला.

माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक नूरभाई. घराणं बांगड्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या. पाठीवर गाठोडं बांधून गावोगाव हिंडायचा, मग सायकल घेतली. आता त्याला कवठे महांकाळच्या बाजाराला जास्त माल न्यायचा होता. म्हणाला, "वैनी, मजबूत करा."

झालं. सासऱ्यांच्या वेळच्या धावांचे तुकडे कोपऱ्यात पडले होते. ते तापवले, ठोकले, चौकट केली. तळाला शिसवीची फळी. एवढ्या रिबिटा मारल्या की त्यात हत्ती बसवला असता. पूजा करून नारळ फोडला, तोही गाड्याच्याच चौकटीवर. नारळाचे दोन तुकडे झाले, गाड्याला खरचटलंसुद्धा नाही. मला काय अभिमान! मी नूरभाईला सांगितलं, "ह्यो तुमच्या नातवालाबी पुरंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी नूरभाई परत आला. कोपर सोललेलं, डोळे लाल. हातात पाटी. माझ्यासमोर त्यानं ती दुकानाच्या उंबऱ्यावर पालथी घातली. हिरवा, लाल, पिवळा नुसता चुरा.

"वैनी, तुमी गाडा न्हाई केला. तुमी जातं केलं."

आणि मग त्याच्याच लक्षात आलं, आपण काय करून बसलो. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत. वाढली म्हणतात, कारण फुटलेली बांगडी म्हणजे बाईचा नवरा गेल्याची खूण. माझा नवरा लढाईवर, तीन महिने पत्र नाही, आणि माझ्या उंबऱ्यावर पाटीभर काचा. नूरभाईचं सगळं आयुष्य बायकांच्या हातात बांगड्या भरण्यात गेलेलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. खांद्यावरचं उपरणं काढून त्यानं ते काचांवर पसरलं. पण पेठेनं बघायचं ते बघितलं होतं. आत्याबाईंनीही.

(सांगून टाकते, हे धडधाकट परत आले. नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत जीव टांगून वाचाल आणि मग मला बोल लावाल.)

आत्याबाई भिंत धरून उठल्या, केरसुणी घेऊन आल्या आणि वाकता येत नव्हतं तरी त्या काचा स्वतः गोळा केल्या. मला हात लावू दिला नाही. मग म्हणाल्या, "दुकान बंद."

बापूभावोजी तर वाटच बघत होते. "मी म्हनतच हुतो. घण मारायची अक्कल वेगळी नि धंद्याची वेगळी. आडत्या उद्याच जागा घ्यायला तयार हाय. वैनी, किल्ली द्या."

तेव्हाची मी म्हणजे नुसती काडेपेटी. आजची असते तर गप्प बसून चार दिवसांनी माझंच खरं केलं असतं. पण त्या दिवशी बोलून गेले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. म्हणाले, "फुटल्या! काच हुती, फुटली. वाढली म्हनून ती जोडली जानार हाय का? त्यांचा जीव काय बांगडीत ठेवलाय? गाडा मी चुकीचा केला, त्यात त्यांचा काय संबंध?"

'फुटली' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. नूरभाईनं कानाला हात लावला.

"म्हैना द्या मला," मी भावोजींना म्हणाले. "दुसरा गाडा करते. हितनं कवठ्याच्या बाजारापत्तूर एक जरी बांगडी फुटली, तर किल्ली तुमची. आडत्याला द्या न्हाईतर मारुतीला वाहा."

"बोलाय काय जातंय," भावोजी म्हणाले. "पण ठरलं. एक म्हंजे एक."

नूरभाई बिचारा मध्येच म्हणाला, "पन त्यात माज्याच बांगड्या कशापायी?" मग जरा वेळानं जवळ येऊन हळूच विचारलं, "वैनी, त्यो गाडा तुमी एकदा तरी वढून बगितला हुता का?"

नव्हता. ओढणार कशी? सायकलच्या दुकानाच्या मालकिणीला सायकल येत नव्हती. चाक सरळ करता यायचं, साखळी जोडता यायची, पण बसता यायचं नाही. ज्या बाईनं कधी चूल पेटवली नाही तिनं स्वयंपाक शिकवावा, तसलाच प्रकार.

दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी मी नदीकाठच्या सपाटीला सायकल घेऊन जायला लागले. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की सायकलवर बसायला तेवढं सोयीचं दुसरं काही नाही, हे तेव्हा कळलं. धुणं धुणाऱ्या बायांची फुकटची करमणूक झाली. एकदा बसलेल्या म्हशीवर जाऊन आदळले. म्हैस उठली नाही. "आगं, तिला घंटी तरी वाजवायचीस!" एक बाई ओरडली. आठवड्यानं तोल यायला लागला. मग तो माझा लोखंडी गाडा मागे जोडला आणि शंभर पावलांत मला नूरभाईचं कोपर का सोललं ते समजलं.

रिकामा गाडाच एवढा जड की निम्मा जीव त्यालाच ओढण्यात जायचा. वळण घेतलं की सायकल एका बाजूला आणि गाडा दुसरीकडे, कारण दांडा मी बैठकीखालच्या नळीला उंच जोडला होता. तो खाली, मागच्या चाकाच्या आसाजवळ जोडायला हवा, म्हणजे गाडा सायकलला लोळवत नाही. ओझं आसाच्या मागे सरकलं की दांडा वर उचलायचा आणि मागचं चाक हलकं होऊन घसरायचं. फार पुढे आलं की सगळा भार सायकलवर. निम्म्याहून थोडं जास्त ओझं आसाच्या पुढे असावं. हे ज्ञान मला म्हशीच्या शेजारी बसून झालं. आणि उतारावर? उतारावर तो गाडा मागून दुष्ट जावेसारखा ढकलायचा. मी मेढ्याची, घाटात वाढलेली. घाट उतरताना गाडीवान गाडीच्या मागे लाकडाचा ओंडका बांधून फरपटत नेतात, म्हणजे गाडी बैलांच्या अंगावर येत नाही, हे मी रोज बघितलेलं. आणि सांगलीच्या सपाटीवर येऊन चार वर्षांत विसरले!

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की गाड्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही, आधी चार प्रश्न विचारायचे, अशी सवय लावून घेतली. ओझं कसलं? रस्ता कुठला? ओढणार कोण? आणि गाडा ठेवणार कुठं? हे चौथं लोकांना हसण्यासारखं वाटायचं. पण एका दूधवाल्याला मी दोन चाकी छान गाडा करून दिला आणि तो त्याच्या गोठ्याच्या दारातून आतच जाईना. शिवाय त्याची वाट मळ्यातल्या बांधावरून. एक चाक बांधावर, दुसरं उसात. त्याला शेवटी एक चाकी करून दिला. ओझं कमी मावतं, पण सायकल जाईल तिथं तो मागोमाग जातो. पुढे एक बँडवाला आला, त्याला मोठा ढोल न्यायचा होता. मी म्हटलं, वजन कितीसं! चाकं हलकी लावली. वाऱ्याच्या दिवशी ढोलानं वारा धरला आणि गाडा, ढोल, बँडवाला तिघंही बाभळीत. त्याला मग रुंद आणि बुटका गाडा केला. म्हणजे नुसतं वजन विचारून चालत नाही. दूध हिंदकळतं, ढोल उडतो, बांगडी थरथरते. ओझ्याचा स्वभाव विचारावा लागतो.

बांगडीचा स्वभाव काय? तिला भार सोसतो, धक्का सोसत नाही. मग धक्का मध्येच कुणीतरी गिळायला हवा. स्प्रिंगा लढाईत कुठून आणणार? मी आठ दिवस कपाळाला हात लावून बसले.

आणि मग आत्याबाईंनीच कधीतरी सांगितलेलं आठवलं. हे तान्हे असताना सासऱ्यांच्या कामाच्या जागेतच झोळी बांधलेली असायची. शेजारी ऐरणीवर घण पडतोय, जमीन हादरतेय, आणि हे झोळीत गाढ झोपलेले.

बांबूची हलकी चौकट केली, ठिकठिकाणी काथ्यानं आवळली. रिबीट एकही नाही. चौकटीत झोळी टांगायची आणि बांगड्यांचे पुठ्ठे, म्हणजे कागदी खोकी, गवतात बसवून झोळीत निजवायचे. चाकाच्या कडेला घासेल असा लाकडी ठोकळा बसवला, त्याची दोरी सायकलच्या हँडलपर्यंत आणली. दोरी ओढली की ठोकळा चाक धरणार. माझा मेढ्याचा ओंडकाच तो, फक्त बारीक केलेला. फक्त झोळीला कापड हवं होतं. नवं कापड मिळायची पंचाईत आणि शिवाय नवं ताठ असतं. मी मागच्या दारात जाऊन म्हटलं, "आत्याबाई, जुनेर असंल का एखादं?"

काचा गोळा केल्यापासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर ऐरणीवर घडी करून ठेवलेलं एक जुनं लुगडं. धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. मी काही विचारलं नाही. आपण कधीकधी योग्य वेळी गप्प बसतो, तसं माझं आयुष्यात दोनदा झालं. त्यातली ही एक वेळ.

बाजाराच्या दिवशी पहाट फुटताच आम्ही निघालो. नूरभाई गाड्यासकट पुढे, मी दुकानाच्या सायकलवर मध्ये, बापूभावोजी साक्षीदार म्हणून मागे. खरं तर मिरज येईपर्यंत ते मुद्दाम इतके मागे राहिले, की ही बाई कोण हे त्यांना ठाऊकच नाही असं लोकांना वाटावं. मिरजेच्या पुढे खडी सुरू झाली. प्रत्येक खड्ड्याला मी मान उंचावून बघतेय, आणि झोळी आपली निवांत डुलतेय.

कवठ्याच्या अलीकडे एक ओढा होता. रस्ता एकदम खाली उतरायचा, दगडगोट्यांतून. नूरभाई वरच थांबला आणि खाली उतरला.

"वैनी, मागल्या येळंला हितंच पडलो. मी न्हाई न्हेत. ज्येनं केला त्येनंच उतरवावा."

"मग परत फिरा," भावोजी मागून म्हणाले. त्यांचा आवाज एकदम गोड झाला होता.

मी नूरभाईची सायकल घेतली. नदीकाठ सपाट होता. एवढा उतार मी कधी उतरले नव्हते, हे त्या दोघांना सांगण्याची ती वेळ नव्हती. बसले आणि दोरी ओढली. ठोकळ्यानं चाक धरलं, आणि असा चित्कार केला की बाजाराला चाललेली शेरडं चौफेर उधळली.

"आरं, कोन बाई ह्यी? कुनाची रं?"

"कुनाची बी असू दे, आदी बाजूला सर!"

माझा पदर सुटलेला, तोंडात धूळ, आणि मी ओरडतेय, "काच हाय, काच हाय!" खाली पोचले तेव्हा दोरी ओढून ओढून तळवे सोलले होते. पण गाड्यानं मला ढकललं नव्हतं. मी त्याला घेऊन उतरले होते, तो मला घेऊन नाही.

बाजारात नूरभाईनं घोंगडं अंथरलं. झोळीतून एकेक पुठ्ठा काढून उघडायचा, बांगड्या कानाजवळ नेऊन किणकिणवायच्या. तडा असला तर आवाज बसका येतो. बाया गोळा झाल्या. सगळे पुठ्ठे उघडून झाले. एकही तडा नव्हता. नूरभाईनं वर बघून बोटं कपाळाला लावली.

"थांबा," भावोजी म्हणाले, "मी बगतो." त्यांनी एक डझन उचलला आणि मूठ आवळून डोळ्यांसमोर धरला. कट्‌ आवाज झाला.

"फुटली! बगा, फुटली का न्हाई?"

"बापूराव," नूरभाई म्हणाला, "ती तुमच्या मुठीत हाय."

एक म्हातारी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आवं दादा, बांगडी हाय ती. मक्याचं कणीस न्हाई."

सगळा बाजार हसला. आणि हसला तिथंच बिनसलं. भावोजी तांबडेलाल झाले. "हितपत्तूर एकबी फुटायची न्हाई, असं ठरल्यालं. एक फुटली. एक म्हंजे एक." असं म्हणून ते उठले, आपली सायकल मोटारीच्या टपावर टाकली आणि आमच्या आधी सांगलीला निघून गेले.

आम्ही नूरभाईच्या बहिणीकडे मुक्काम केला. तिनं माझ्या सोललेल्या तळव्यांना तेल लावलं आणि वर भाकरी वाढताना म्हणाली, "गाडा चांगला हाय, पर तुज्यात बसवायला बी एक ठोकळा पायजे." दुसऱ्या दिवशी दुपारी सांगलीत शिरले. नूरभाई उरलेला माल विकायला बहिणीकडेच राहिला होता, म्हणून रिकामा गाडा आता माझ्याच सायकलला होता. किल्ली कमरेला. मनाशी पक्कं केलेलं, काही झालं तरी देणार नाही. शब्द मोडला म्हणतील, म्हणू देत. त्या वयात शब्द मोडायची मला फार लाज वाटायची. त्या दिवशी मात्र मी तो मोडायला तयार होते.

दुकानाच्या पायरीवर भावोजी बसलेले. उंबऱ्यावर आत्याबाई, पाट पुढच्या दारात आणून बसलेल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना रस्त्याच्या बाजूला तोंड करून बसलेलं बघितलं.

"मी सांगितलंय आयेला," भावोजी म्हणाले. "एक फुटली म्हनून. खोटं हाय का?"

"खरं हाय," मी म्हणाले.

आत्याबाईंनी भावोजींकडे बघितलं. "कुनाच्या हातात फुटली?"

फुटली. आत्याबाई फुटली म्हणाल्या. भावोजींनाही ते ऐकू आलं असावं, कारण ते उठून उभे राहिले.

"माज्या. पन ठरल्यालं काय हुतं…"

"हात दाव तुजा." भावोजींनी हात पुढे केला, लहान मुलासारखा. आत्याबाईंनी तो उलटसुलट करून बघितला. "कापलं न्हाई न्हवं? मग जा, आडत्याला सांगून ये, जागा रिकामी न्हाई."

भावोजी गेले. ते पुन्हा माझ्याशी नीट बोलले ते हे परत आल्यावरच. ती रुखरुख मला आजही आहे. चार माणसांत त्यांच्यावर हसण्यात मीही होते, सगळ्यांत मोठ्यानं.

आत्याबाई भिंत धरून उठल्या. गाड्याजवळ आल्या. झोळीवर तळवा ठेवून दाबून बघितलं, लुगड्याची किनार बोटानं चाचपली, चौकट हलवून बघितली. मला वाटलं, आता काहीतरी खोड काढणार. महिनाभर माझे ते चार प्रश्न मागच्या दारातून त्यांनी रोज ऐकले होते. माझ्याकडे न बघता, गाड्यावरचा हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या,

"वझं म्हंजे मीच. रस्ता मिरजंचा, भैनीच्या दारापत्तूर. वढनार तू. आन ठेवायचा हितंच, आपल्या दुकानात. आता सांग बगू मालकीनबाई, मला कसला गाडा लागंल?"